छत्तीस फोटोंतली गल्ली

आपल्याकडे फोटो काढायचे ते बारशाचे, मुंजीचे, लग्नाचे. गल्लीचा फोटो कोण काढतो? रोजच तर दिसते ती! पण रोज दिसणारीच गोष्ट एके दिवशी नाहीशी होते आणि मग अल्बममध्ये नवरदेवाच्या फेट्यामागे जुन्या घराची कौलं शोधावी लागतात.

मी अजून रोलचा कॅमेरा वापरतो. ऊटीच्या सरकारी कारखान्यातला 'इंदू' रोल इतिहासजमा झाला. आता मिळतात ते परदेशी आणि महाग. रविवारी शहापूर-वडगावच्या बाजूला फिरतो. मागांचा खडखडाट, सोप्यावर तांदूळ निवडणाऱ्या बायका, कौलारू घराला खेटून उठलेलं अपार्टमेंट. रोलमध्ये फोटो छत्तीसच, त्यामुळे बटण दाबण्याआधी जरा थांबावं लागतं. तेवढ्यात दारातली आजी विचारते, "कुठल्या पेपरातले रे तुम्ही?" मग घर कुणी बांधलं, माग कधी विकला, सगळं निघतं. ही माहिती फोटोइतकीच मोलाची.

हे वेड जुनंच आहे. पॅरिसमध्ये यूजीन आत्जे याने सुमारे तीस वर्षं जुने रस्ते, दुकानं, फेरीवाले काचेच्या प्लेटांवर टिपले. १९२७ साली तो वारला. त्याच्या मागे राहिलेल्या प्लेटा आणि फोटो बेरेनिस अ‍ॅबट या तरुण अमेरिकन बाईंनी मिळवून जपले. पुढे त्यांनी बदलतं न्यूयॉर्क टिपलं. ते पुस्तक १९३९ साली निघालं. कुणीतरी जपलं, म्हणून ते पॅरिस आज दिसतं.

आपल्याकडे मात्र घर पाडताना माळ्यावरचं खोकं रद्दीत जातं. त्यात निगेटिव्ह असतात, हे कुणाच्या ध्यानीही नसतं. कृष्णधवल निगेटिव्हमधली प्रतिमा चांदीची असते. नीट धुतलेली असेल तर पिढ्यान्‌पिढ्या टिकते. रंगीत निगेटिव्हमधले रंग हळूहळू उडतात, म्हणून तिचं स्कॅनिंग आधी करून घ्या. बेळगावच्या पावसात बुरशी धरते. कागदी पाकिटात घालून, सिलिका जेलच्या पुड्या टाकून घट्ट डब्यात ठेवा. पाकिटावर पेन्सिलीने गल्ली, साल आणि माणसांची नावं लिहा. नाव विसरलं की फोटो मुका होतो.

घर नवं बांधा, जरूर बांधा. पण पहिली पहार पडण्याआधी दाराचा, सोप्याचा, परड्यातल्या तुळशीचा फोटो काढून ठेवा. नातवंडांना जुनं घर सांगताना नुसते हवेत हात फिरवायची पाळी येऊ नये.