कॅमेरा पोलिसाचा, चित्रण कोणाचं?

पोलिसाच्या छातीवर कॅमेरा लावला की दांडगाई थांबेल, ही आशा पुराव्यावर टिकत नाही. वॉशिंग्टनमध्ये दोन हजारांहून अधिक पोलिसांच्या 2017 च्या अभ्यासात बळाचा वापर वा तक्रारी यांत लक्षणीय फरक दिसला नाही. 2020 मध्ये अमेरिकेतच पोलीस कारवाईत जॉर्ज फ्लॉइड यांचा जीव गेला तेव्हाही पोलिसांच्या अंगावर कॅमेरे होते. उलट, घरगुती मारहाणीच्या तक्रारीवरून पोलीस जुळे सोलापुरातल्या एखाद्या घरात शिरले, तर मार खाल्लेली बाई, भेदरलेली मुलं, दारात जमलेले शेजारी, सगळेच टिपले जाणार. निर्दोषाला भीती कसली, असं म्हणतात. पण त्या बाईने कोणता गुन्हा केला, की तिचं रडणं कोणाच्याही मोबाइलवर फिरावं? मग कॅमेरा बंद करण्याची मुभा पोलिसाला द्यावी का? तीही मनमानी नको, कारण नेमका लाठीचा क्षण गाळला जाईल. खरा प्रश्न आहे तो चित्रणाच्या ताब्याचा. ठाण्यांतल्या सीसीटीव्हीसाठी सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2020 मध्ये परमवीर सिंग सैनी प्रकरणात 18 महिन्यांची साठवणूक आणि राज्य व जिल्हा पातळीवर देखरेख समित्या सांगितल्या. अंगावरच्या कॅमेऱ्यांनाही राज्य सरकारने तशीच देखरेख लावावी, आणि ज्याचं चित्रण झालं त्याला ते मागण्याचा हक्क द्यावा.