मेघनाद साहांची विद्यार्थिदशा

बारावीचे निकाल लागले, की सुशिक्षित घरांतून एकच चर्चा सुरू होते : गुण किती मिळाले आणि प्रवेश कोठे मिळेल. त्याबरोबरच वडीलधाऱ्या मंडळींचा उपदेशही ठरलेला असतो, की ही तीन-चार वर्षे अभ्यासाखेरीज कशातही मन घालू नकोस. समाजसेवा पुढे पाहता येईल. हा उपदेश मायेपोटी केलेला असतो, हे आम्ही जाणतो. तथापि अभ्यास आणि लोकसेवा यांचे खरोखरीच वैर आहे काय, याचा विचार डॉ. मेघनाद साहा यांच्या विद्यार्थिदशेवरून करावा, असे आम्हास वाटते.

साहांचा जन्म १८९३ साली ढाक्याजवळील एका खेड्यात, किराणा दुकानदाराच्या घरी झाला. घरात आठ भावंडे. पुढील शिक्षणास पैसा नव्हता, तेव्हा थोरले बंधू जयनाथ यांनी तागाच्या कारखान्यातील आपल्या तुटपुंज्या पगारातून दरमहा काही रुपये धाकट्यासाठी बाजूस काढले. एकत्र कुटुंबाचे खरे बळ कशात असते, हे आमच्या वाचकांस निराळे सांगावयास नको. ढाक्याच्या शाळेत असतानाच, वंगभंगाच्या चळवळीत गव्हर्नर फुलर यांच्या भेटीवर बहिष्कार घातल्यामुळे त्यांची शाळा व शिष्यवृत्ती दोन्ही गेली. तरीही दुसऱ्या शाळेतून १९०९ साली प्रवेशपरीक्षेत ते पूर्व बंगालात पहिले आले.

१९११ साली ते कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात दाखल झाले. सत्येंद्रनाथ बोस वर्गबंधू, जगदीशचंद्र बोस व प्रफुल्लचंद्र राय गुरुजन. याहून मोठे भाग्य विज्ञानाच्या विद्यार्थ्यास कोणते हवे? १९१३ साली गणित घेऊन ते बी. एससी. झाले. सत्येंद्रनाथ पहिले, साहा दुसरे. ढाक्यास असताना त्यांनी जादा विषय म्हणून जर्मन भाषा शिकून घेतली होती. तिचा उपयोग असा झाला, की पुढे या दोघा मित्रांनी आइन्स्टाइनचे सापेक्षतेवरील निबंध इंग्रजीत आणले व कलकत्ता विद्यापीठाने ते १९२० साली प्रसिद्ध केले. तारकांच्या वर्णपटावरून त्यांचे तापमान सांगण्याचा मार्ग खुला करणारे साहांचे सुप्रसिद्ध समीकरणही त्याच वर्षीचे होय.

परंतु याच कॉलेजच्या दिवसांत त्यांना एक निराळा धडाही मिळाला. ईडन हिंदू वसतिगृहातील काही उच्चवर्णीय मुलांना साहा आपल्या पंगतीस नको होते. सरस्वतीपूजेच्या दिवशीही त्यांच्या पुढे येण्यास हरकत घेण्यात आली. ज्या देवतेची उपासना त्या वसतिगृहात कोणी त्यांच्याहून निष्ठेने केली नसेल, तिच्याच पूजेत ही वागणूक! ही हकीकत वाचून बंगालातील त्या मुलांस नावे ठेवणे सोपे आहे. पण ती समजूत त्यांनी कोठून आणली होती? कॉलेजच्या प्रयोगशाळेत ती खचित शिकविली जात नव्हती. ती त्यांनी घरून, आपल्यासारख्याच शिकल्यासवरल्या घरांच्या माजघरातून, बरोबर नेली होती.

हा अपमान साहा विसरले नाहीत. पण त्यामुळे समाजाकडे त्यांनी पाठही फिरविली नाही. ज्या वर्षी ते बी. एससी. झाले, त्याच १९१३ साली दामोदर नदीस भयंकर पूर आला, आणि साहा स्वयंसेवक होऊन पूरग्रस्तांच्या मदतीस गेले. १९२२ साली उत्तर बंगाल बुडाला, तेव्हा प्रफुल्लचंद्रांनी उभारलेल्या मदतकार्यातही ते होते. मात्र केवळ धान्य व कपडे वाटून त्यांचे समाधान झाले नाही. पूर का येतो, पाऊस किती पडतो, नदीतून पाणी किती वाहते, याची मोजमापे घेतल्यावाचून उपाय सापडणार नाही, हे ते वर्षानुवर्षे लेखांतून सांगत राहिले. १९४३ साली दामोदर पुन्हा फुटली व कलकत्त्याची रेल्वे आणि रस्ता दोन्ही तुटले. तेव्हा नेमलेल्या चौकशी समितीत साहा होते. त्यातूनच १९४८ साली दामोदर खोरे महामंडळ स्थापन झाले. तिलैया धरण १९५३ साली पुरे झाले. मैथन व पंचेत ही धरणे मात्र १९५६ साली आलेल्या मृत्यूमुळे त्यांना पुरी झालेली पाहता आली नाहीत. या धरणांनी पूर समूळ थांबले असे नव्हे. पण आपत्तीचा विचार मोजमापाने करावयाचा असतो, ही दृष्टी त्यांनी देशास दिली.

पुरात उतरल्याने साहांचे गणित बुडाले नाही. उलट, गणित कोणासाठी शिकावयाचे, हे त्यांना तेथे कळले. आज महाविद्यालयांतून राष्ट्रीय सेवा योजना आहे. १९६९ पासून चालत आलेल्या या योजनेत विद्यार्थ्याने दोन वर्षांत २४० तास सेवा करावयाची असते. हे तास म्हणजे वाढीव गुणांची बेगमी, असे आपण पालकच मुलांच्या मनात भरवितो. त्याऐवजी शिबिराहून परतलेल्या मुलास घरातील वडील माणसांनी जवळ बसवून, तेथे काय पाहिलेस, लोकांची अडचण कशामुळे आहे, असे विचारून पाहावे.

आणखी एक गोष्ट आमच्या वाचकभगिनींच्या व बंधूंच्या हाती आहे. सुटीत मुलगा किंवा मुलगी वसतिगृहातील सोबत्यास घरी घेऊन येते. त्याचे आडनाव विचारण्यापूर्वी त्याचे पान आपल्या पानांच्या ओळीत मांडले जावे. कॉलेजात गेलेली मुले कोणाशी कसे वागतील, हे पुष्कळसे तेथेच ठरते.