कुंपण मीटरवर मोजता, मग खालची फट कोण मोजणार?



काल सकाळी माळावरच्या वावरात गेलो. हरभरा घाटे भरायला आलेला. वरच्या अंगाला सगळं ठीक. खाली ओघळीच्या कडंला मात्र दोन-अडीच गुंठे उकरून पालथे घातलेले. कुंपण जसंच्या तसं उभं. एक तार तुटली नाही, एक खांब पडला नाही. डुकरं खालून आली आणि खालूनच गेली. कुंपणानं शेत खाल्लं असं म्हणतात. माझ्या कुंपणानं नुसतं उभं राहून बघितलं.

चूक अर्धी माझी. पण अर्धी त्या पद्धतीची, जिच्यात सगळी कुंपणं सपाट जमिनीचीच धरतात. आपल्या सेनगाव-औंढ्याकडं किती वावरं सपाट आहेत हो? दुकानदार विचारतो, "किती मीटर?" अंदाजपत्रकात रकाना असतो, "किती मीटर?" उतार किती, असं मला आजवर कुणी विचारलं नाही.

साधा हिशेब बघा. दहा फुटांवर एक फूट उतार म्हणजे आपल्याला डोळ्यालासुद्धा नीट कळत नाही. पण तिथं दहा फुटांची ताठ वेल्डेड जाळी सरळ पाणसळीत बसवली, तर खालच्या खांबापाशी एक फूट फट राहते. पाच फुटांवर एक फूट उतार असंल तर दोन फूट. त्यातून डुक्कर काय, वासरू जाईल. मग आपण त्या फटीत दगड लावतो, बोराटी कोंबतो, आणि पहिल्या मोठ्या पावसात ते सगळं ओघळीत जातं.

आणि खरी गोम पुढंच आहे. उतारावरची जमीन दरसाल तीच राहत नाही. जूनमध्ये जाळीखाली चार बोटं फट होती, तिथली माती पावसानं खरवडली की दिवाळीला हातभर होते. जमीन हलते, कुंपण हलत नाही. म्हणून माझं म्हणणं एवढंच: उताराचं कुंपण खालीवर सरकवता आलं पाहिजे. नसंल तर ते दोन पावसाळ्यांचं पाहुणं आहे.

सरकवता येणारं म्हणजे काही विमान नाही. खांब ओळंब्यात सरळ, पण तारा जमिनीच्या उताराला समांतर. खांबाला दर दोन इंचावर भोकं, म्हणजे खालची तार नटबोल्टनं खाली घेता येते. ताठ वेल्डेड जाळीपेक्षा विणलेली किंवा गाठीची जाळी घ्या. ती उतारासोबत तिरकी होते. टोकाला तार ताणायचं रॅचेट. खोलगट जागेतला खांब जास्त खोल गाडा, कारण ताणलेली तार तिथं खांबाला वर उपटते. आणि ओघळीवर जाळी आडवी बांधूच नका. काडीकचरा अडकतो, पाणी तुंबतं आणि पूर सगळी ओळ घेऊन जातो. तिथं वरच्या तारेला वेगळी झडप टांगा. पाणी आलं की उचलते, ओसरलं की खाली येते.

आता गंजाचं. आपण तार चमक बघून घेतो. चमक नवी असताना सगळ्यांनाच असते. विचारायचं ते जस्ताचं वजन: एका चौरस मीटरला किती ग्रॅम? हलका लेप पन्नासच्या आसपास असतो, जाड लेप दोनशेच्या वर जातो. जस्त स्वतः झिजून लोखंडाला वाचवतं, म्हणून जस्त जितकं जाड तितकं आयुष्य जास्त. काटेरी तारेला आय.एस. २७८ आणि चेनलिंक जाळीला आय.एस. २७२१ हे मानक आहे. बिलावर ते लिहून मागा. दुकानदार वाकडं तोंड करील, करू द्या.

माझं कुठं गंजलं सांगतो. चांगली जस्ताची तार घेतली आणि बांधली काळ्या बाइंडिंग तारेनं! दोन वर्षांत गाठी तुटल्या. खांब जिथं कापले, वेल्डिंग केलं, तिथलं जस्त जळालं. त्यावर जस्ताचा रंग मारायला पाहिजे होता, मी लाल रंगावर भागवलं. आणि खांबाचा पाया जमिनीबरोबर सोडला. उतारावर वरच्या अंगाची ओली माती येऊन खांबाला चिकटते, गंज तिथूनच धरतो. काँक्रीट जमिनीच्या चार बोटं वर घ्या आणि माथा उतरता ठेवा, पाणी थांबता कामा नये.

साहेब लोकांना हात जोडून एक सांगणं. जन-वन विकास योजनेत सौर कुंपणाला ७५ टक्के किंवा १५ हजार, यात कमी ती रक्कम असं जाहीर झालं होतं. चांगलंच आहे. पण सपाट वावराला आणि माळाला एकच माप लावू नका. माळाला खांब जास्त लागतात, पाया खोल लागतो. तपासणीला याल तेव्हा फोटो वरच्या कोपऱ्यातून काढू नका. खाली ओघळीपर्यंत उतरा, टेप लावा, फट मोजा.

कुणी म्हणंल, एवढा खर्च परवडत नाही. मग जागल परवडते का? थंडीत रात्रभर माळावर बसून किती जण आजारी पडले, ते आपल्याला माहीत आहे. आणि कंटाळून घरातली लाइट तारेत सोडणारेही आहेत. त्यात डुक्कर मरतं तसा पहाटे पाणी द्यायला आलेला शेजाऱ्याचा पोरगाही मरतो. तो मार्ग नकोच, काही झालं तरी.

मी या उन्हाळ्यात सगळं नवं करू शकत नाही. ओघळीकडची साठ फूट आधी करतो. डुक्कर सगळ्या धुऱ्यावरून येत नाही, फटीतून येतं. तुम्हीबी आपल्या धुऱ्यावर टेप घेऊन फिरा, आणि सगळ्यात मोठी फट किती निघाली ते सांगा.