मुक्या प्राण्यांचे ऋण

महाड-पोलादपूरच्या डोंगराळ मुलखात माणसाची सारी भिस्त गुडघ्यांवर असते. वाटा चढउताराच्या आणि आवडता खेळ कबड्डीचा. चढाई करणारा गडी मध्यरेषेकडे वळत असता पाय जागीच रुतला आणि अंग मात्र फिरले, तर गुडघ्यातील अस्थिबंध तुटू शकतो. मांडीचे हाड व नडगीचे हाड यांना बांधून ठेवणारा हा चिवट दोर होय. कातडीची जखम थोड्या दिवसांत भरते. हा दोर मात्र सहसा आपोआप सांधत नाही, कारण सांध्यातील द्रवात रक्ताची गुठळी टिकत नाही.

अशा वेळी शल्यविशारद बहुधा रोग्याच्याच शरीरातील कंडरा काढून तेथे बसवितात. ती तेथे कशी रुजते, हे ससे, कुत्री, शेळ्या व मेंढ्या यांच्यावरील प्रयोगांतून उमगले. आरंभी तिच्यातील पेशी मरतात व ती दुबळी होते. मग नव्या रक्तवाहिन्या शिरतात आणि ती हळूहळू बळ धरते. म्हणूनच वेदना थांबल्या तरी खेळाडूला कित्येक महिने मैदानाबाहेर राहावे लागते. अमेरिकेतील डॉ. मार्था मरे यांनी रक्तात भिजविलेला स्पंजासारखा तुकडा मध्ये ठेवून मूळचाच अस्थिबंध सांधण्याची रीत शोधली. डुकरांवर पारखल्यानंतर २०१५ साली ती माणसांवर प्रथम योजिली गेली.

प्राण्यांना दुखविण्याचा अधिकार माणसाला कोणी दिला, असे कोणी विचारील, तर तो प्रश्न रास्तच आहे. शेळीची संमती कोणी घेत नाही. परंतु न पारखलेली शस्त्रक्रिया थेट माणसावर करणे, हाही निर्दयपणाच ठरेल. म्हणून प्रयोगांना मर्यादा घालणे हाच न्याय्य मार्ग होय. भारताचा १९६० चा कायदा हेच सांगतो: प्राण्याला भूल द्यावी, लहान प्राण्यावर काम भागत असल्यास मोठा घेऊ नये, पुस्तके व प्रतिकृती यांवरून शिकता येत असेल, तेथे प्रयोग टाळावा.

डोंगरउतारावर शेळ्या चारणाऱ्या मुलाला शेळीचे दुखणे तिच्या चालीवरून कळते. तीच नजर प्रयोग करणाऱ्यालाही हवी. आणि ज्याचा गुडघा बरा झाला, त्याने सांगितलेली विश्रांती पुरती घ्यावी. उतावळेपणाने मैदानात उतरणारा खेळाडू स्वतःचा गुडघा तर गमावतोच. मुक्या जिवांनी मोठे मोल देऊन मिळवून दिलेले ज्ञानही तो वाया घालवतो.