रुळांचे भाडे कोणाच्या खिशातून?

रूळ एकाचे, गाड्या दुसऱ्याच्या, डबे तिसऱ्याचे आणि तिजोरी मात्र जनतेची, अशी अजब वाटणी १९९३ च्या रेल्वे कायद्याने ब्रिटनमध्ये घडवून आणली. मार्ग व सिग्नल रेलट्रॅक या कंपनीकडे गेले. १९९६ साली तिचे भाग शेअरबाजारात विकले गेले. गाड्या चालविणाऱ्या पंचवीस कंपन्यांनी मार्गाच्या वापराबद्दल तिला भाडे द्यावयाचे, हीच म्हणे बाजारपेठेची शिस्त!

शिस्त कसली? भाड्याचा सिंहाचा वाटा ठराविक रकमेचा होता. डब्यांचे वजन आणि धावलेले अंतर यांनुसार बदलणारा भाग इतका क्षुल्लक, की जादा गाडीमुळे होणारी रुळांची झीजही त्यातून भरून निघणे कठीण. साहजिकच वाढती वाहतूक रेलट्रॅकला डोईजड वाटे. ती ठराविक रक्कम तरी कंपन्या पदरमोड करून देत होत्या काय? सरकार कंपन्यांना अनुदान देई, कंपन्या त्यातूनच भाडे भरीत आणि रेलट्रॅक भागधारकांना लाभांश वाटी. नियामकाने भाडे वाढविलेच, तर तो बोजा सरकारने उचलावा अशी तरतूद करारांतच होती. जो खर्च आपल्या अंगावर पडतच नाही, त्याची चौकशी कोण करील?

१७ ऑक्टोबर २००० रोजी हॅटफील्ड येथे भेगाळलेला रूळ धावत्या गाडीखाली फुटला आणि चार प्रवासी प्राणास मुकले. तो रूळ बदलावयास हवा हे आधीच ठाऊक होते. देखभाल मात्र ठेकेदारांच्या हाती होती. सरकारपुढे हात पसरणाऱ्या रेलट्रॅकने पुढच्याच मे महिन्यात १३ कोटी ७० लाख पौंड लाभांश वाटला. ऑक्टोबर २००१ मध्ये ती प्रशासकाच्या ताब्यात गेली.

२००२ साली मार्ग नेटवर्क रेलकडे आले आणि युक्ती पालटली. आता अनुदान थेट मार्गाच्या मालकाला, व त्या मानाने गाडीवाल्यांचे भाडे कमी. कंपन्यांच्या ताळेबंदात नफा झळकला. नेटवर्क रेलच्या डोक्यावर ३० अब्ज पौंडांहून अधिक कर्ज चढले, जे २०१४ पासून उघडपणे सार्वजनिक कर्जातच मोजले जाऊ लागले.

२०२४ च्या कायद्यानुसार प्रवासी गाड्यांची कंत्राटे एकेक करून सरकारकडे येत आहेत. परंतु डब्यांचे मालक खाजगीच राहिले आहेत, आणि लंडनच्या किफायतशीर मार्गांवर स्वतंत्र परवान्याने गाड्या सोडणाऱ्या कंपन्या आजही ठराविक भाड्याचा पूर्ण वाटा उचलीत नाहीत.