लेक दुसऱ्या शहरात गेली, तर बापाने काय करावं?

या महिन्यात एकच पत्र घेते. अशी पत्रं वारंवार येतात, कधी वडिलांची, कधी आईची. पत्र चिपळूण तालुक्यातून आलं आहे. नाव-गाव अर्थातच गाळलं आहे.

"वकील आपा, तीन वर्षांपूर्वी आमचा खुला झाला. मुलगी आता सहा वर्षांची आहे. ती आईकडे, म्हणजे शेजारच्याच गावात आजोळी राहायची. कागदावर काही लिहिलं नव्हतं, पण दर जुम्म्याला नमाजनंतर मी तिला घरी आणायचो आणि मगरिबच्या आत परत सोडायचो. मे महिन्याच्या सुट्टीत तिची आई तिला घेऊन हैदराबादला भावाकडे गेली. तिथे नोकरी धरली, मुलीचं नाव शाळेत घातलं. मला कळलं ते शेजाऱ्यांकडून. आता फोनही उचलत नाहीत. रागाने मी दरमहा पाठवायचे ते चार हजार बंद केले. जमातीतले बुजुर्ग म्हणतात, सात वर्षं पूर्ण झाली की मुलगी तुझीच. चुलतभाऊ म्हणतात, गाडी काढू, शाळेतून उचलून आणू. मी काय करू?"

भाऊ, सर्वांत आधी गाडीचा विचार सोडा. शाळेच्या फाटकातून रडत ओढून आणलेली मुलगी तुमच्याकडे सुखाने राहील का? न्यायाधीशासमोरही हीच गोष्ट तुमच्या विरोधात जाईल. आज तुम्ही दर जुम्म्याला वेळेवर मुलीला परत सोडणारे वडील आहात. ही तुमची सगळ्यांत भक्कम बाजू आहे, ती घालवू नका.

दुसरं, बंद केलेले पैसे आजच सुरू करा, मागचे दोन-तीन महिनेही भरून टाका. भेट मिळत नाही म्हणून खर्च थांबवता येत नाही. तो खर्च मुलीचा हक्क आहे, आईवर केलेली मेहरबानी नव्हे. मुस्लिम वडिलांवरही मुलांच्या पोटगीची जबाबदारी दोन वर्षांपुरती नसून पुढेही राहते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्येच स्पष्ट केलं आहे. पैसे बँकेतून पाठवा, म्हणजे पुरावा राहील.

आता सात वर्षांचा मुद्दा. बुजुर्गांचा आदर राखून सांगते, यात गल्लत आहे. मुलाला सांभाळण्याचा हक्क, म्हणजे हिजानत, लहान वयात आईचा असतो. हनफी मजहबात मुलासाठी ही मर्यादा सात वर्षांची आहे, पण मुलीसाठी ती वयात येईपर्यंत आहे. आपल्या कोकणात बहुतेक घरं शाफई. त्या मजहबात मूल समजत्या वयाचं झालं, साधारण सातव्या वर्षी, की कोणाकडे राहायचं हे त्याला विचारलं जातं. म्हणजे दोन्हीकडे "सात झाली की बापाची" असं नाही. वडील म्हणून वली तुम्हीच आहात, पण वली असणं आणि मूल आपल्या घरी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

न्यायालय काय पाहतं? असे अर्ज १८९०च्या पालक व पाल्य कायद्याखाली चालतात. त्याच्या कलम १७ प्रमाणे न्यायाधीश मुलाचा वैयक्तिक कायदा विचारात घेतात, पण पारडं झुकतं ते मुलाच्या हिताकडे. वय, शाळा, सांभाळणाऱ्याची कुवत, मूल समजतं असेल तर त्याचं म्हणणं, हे सगळं पाहिलं जातं. २०१०च्या एका मुस्लिम कुटुंबाच्या खटल्यातही सर्वोच्च न्यायालयाने हेच धोरण ठेवलं.

अर्ज कुठे करायचा? कलम ९ प्रमाणे, मूल जिथे नेहमी राहतं तिथल्या न्यायालयात. कुटुंब न्यायालय असेल तर तिथे, नसेल तर जिल्हा न्यायालयात. मुलगी काल-परवापर्यंत रत्नागिरी जिल्ह्यात वाढली, हे आज तुम्ही ठामपणे मांडू शकता. वर्षभर गप्प बसलात तर हैदराबादची शाळा, तिथला पत्ता, तिथल्या मैत्रिणी हेच तिचं नेहमीचं राहणं ठरेल. म्हणून उशीर करू नका.

आणि मागायचं काय? "मुलगी परत द्या" एवढंच मागितलंत, तर तिच्या आईची नोकरी आणि तुमचं गाव यांच्यात भांडण लागेल. आईला कमवायचा हक्क आहे, आणि कमाईसाठी गाव सोडावं लागतं हे कोकणातल्या माणसाला समजावून सांगायला नको. ठरावीक वेळ मागा. आठवड्यातून दोनदा व्हिडिओ कॉल, दिवस आणि तास लिहून. उन्हाळ्याच्या सुट्टीतले निम्मे दिवस तुमच्या घरी. एका वर्षी रमजान ईद तुमच्याकडे, बकरी ईद आईकडे, पुढच्या वर्षी उलट. प्रवासाचा खर्च कोण करणार. शाळा आणि पत्ता बदलण्याआधी दुसऱ्याला लेखी कळवणं. निकाल लागेपर्यंत कलम १२ खाली तात्पुरता आदेशही मागता येतो. मुलाला दोन्ही पालकांची माया मिळायला हवी, आणि अंतर असेल तर फोन आणि व्हिडिओ कॉलवरून तरी संपर्क राहायला हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं आहे.

आखाती देशात जाण्याची शक्यता असेल तर जास्त सावध राहा. अल्पवयीन मुलाच्या पासपोर्टसाठी साधारणपणे दोघा पालकांची संमती लागते. न्यायालयाच्या परवानगीशिवाय मुलाला देशाबाहेर नेऊ नये, असा आदेश वेळीच मागा. पळवलेली मुलं परत पाठवण्याबाबतच्या १९८०च्या हेग करारात भारत सामील नाही, त्यामुळे मूल एकदा परदेशी गेलं की वाट फार अवघड होते.

हे पत्र वाचणाऱ्या बहिणींनाही एक सांगते. नोकरीसाठी, माहेरच्या आधारासाठी गाव सोडावं लागलं तर जरूर सोडा, पण न सांगता जाऊ नका. मारहाणीची, जिवाची भीती असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा आधी सुरक्षित जागी जा आणि लगेच वकिलाला किंवा संरक्षण अधिकाऱ्याला गाठा. एरवी नवा पत्ता, शाळेचं नाव आणि फोनची वेळ लिहून कळवलीत, तर उद्या न्यायालयात तुमचीच बाजू बळकट होईल. न्यायालयाने पालक नेमलं असेल, तर परवानगीशिवाय मुलाला त्या न्यायालयाच्या हद्दीबाहेर नेता येत नाही. कलम २६ तसं सांगतं.

आणि जमातीच्या मंडळींना विनंती. आपल्या खुलानाम्यात मेहर, इद्दतीचा खर्च, भांडीकुंडी, दागिने सगळं ओळीने लिहिलं जातं. मुलांबद्दल मात्र एकच वाक्य असतं, "मुलगी आईकडे राहील." भेटीचे दिवस, सुट्ट्या, खर्च आणि गाव बदलायचं झालं तर काय, हे त्याच बैठकीत लिहून घ्या आणि दोघांच्या संमतीने न्यायालयात दाखल करून घ्या. तेव्हा त्याला आदेशाचं वजन येतं. नुसत्या खुलानाम्याला ते येत नाही.

वकिलाची ऐपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रिया आणि मुलांना तिथे उत्पन्नाची अट नसते, पुरुषांना उत्पन्नाच्या मर्यादेत मोफत वकील मिळतो. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही माहिती मिळते.

सूरह बकराच्या २३३व्या आयतीत मुलाच्या निमित्ताने ना आईला त्रास व्हावा, ना बापाला, अशी ताकीद आहे. भाऊ, आधी पैसे पाठवा. मग मुलीच्या मामाला शांतपणे फोन करा, जमातीतला एखादा समंजस माणूस मध्ये घ्या. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर अर्ज दाखल करा. येत्या ईदला लेक तुमच्या घरी शीरखुर्मा खायला येवो, इन्शाअल्लाह.