कोच बदलून झाला, आता बाकाकडे बघा

या वीकेंडला क्रिकेट नाही, हॉकी. त्यातही महिला हॉकी. ऑफिसात हा विषय काढला की समोरून हमखास एकच वाक्य येतं, "म्हणजे चक दे ना?" मंडळी, 'चक दे' आला २००७ मध्ये. त्यानंतर खऱ्या संघाने त्यापेक्षा भारी गोष्ट घडवून दाखवली आणि मग ती हातातून घालवलीसुद्धा. मला लिहायचंय ते या दुसऱ्या भागाबद्दल.

पहिला भाग थोडक्यात. टोकियो ऑलिंपिक, २०२१. पहिल्या तीन मॅचेस हरलो, नेदरलँड्सकडून तर १-५. मग आयर्लंडला हरवलं, दक्षिण आफ्रिकेला ४-३ हरवलं (वंदना कटारियाची हॅटट्रिक, ऑलिंपिकमधली भारतीय बाईची पहिली), आणि उपांत्यपूर्व फेरीत ऑस्ट्रेलियाला १-० ने घरी पाठवलं. ब्राँझसाठी ब्रिटनशी ३-४ हरलो. चौथा नंबर. पदक नाही, पण त्या आठवड्यात आमच्या टीममधल्या ज्या लोकांना हॉकीत किती खेळाडू असतात हे माहीत नव्हतं तेही सकाळी सातला मॅच बघत होते.

आता दुसरा भाग. जानेवारी २०२४, रांची. पॅरिस ऑलिंपिकची पात्रता स्पर्धा. आठ संघ, तीन तिकिटं, आणि स्पर्धा आपल्याच घरात. अमेरिकेशी ०-१ हरलो. उपांत्य फेरीत जर्मनीशी २-२ बरोबरी आणि शूटआउटमध्ये हार. तरी एक दार उघडं होतं, तिसऱ्या जागेची मॅच जपानशी. तीही ०-१. पॅरिस गेलं.

मग २०२४-२५ ची प्रो लीग. सोळा मॅचेस, दहा गुण, नऊ संघांत नववा नंबर. जून २०२५ मध्ये युरोपात आठ सामने झाले, त्यातला एकही जिंकला नाही. प्रो लीगमधून खालच्या नेशन्स कपमध्ये घसरण. सप्टेंबर २०२५ मध्ये आशिया कपच्या फायनलमध्ये पहिल्याच मिनिटाला गोल केला आणि चीनकडून १-४ हरलो. ती फायनल जिंकली असती तर वर्ल्डकपचं थेट तिकीट होतं.

मधे एक बरी बातमीही होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजगीरला याच चीनला १-० हरवून आशियाई चॅम्पियन्स ट्रॉफी जिंकली. फेब्रुवारी २०२५ मध्ये भुवनेश्वरला नेदरलँड्सला २-२ वर रोखून शूटआउटमध्ये हरवलं. म्हणजे पोरींना खेळता येत नाही असं अजिबात नाही. चांगला दिवस आणि वाईट दिवस यांच्यात एवढं अंतर का पडतं, हा खरा प्रश्न.

या सगळ्यात बदललं काय? तर रांचीनंतर कोच यानेके शॉपमन गेल्या. एप्रिल २०२४ मध्ये हरेंद्र सिंग आले. कॅप्टन सविता पुनिया होती, ती जाऊन सलीमा टेटे झाली. डिसेंबर २०२५ मध्ये हरेंद्र सिंगही गेले. जानेवारी २०२६ मध्ये टोकियोवाले शोर्ड मरीन परत आले. दोन वर्षांत तीन कोच!

आपल्या धंद्यातल्या लोकांना हे फार ओळखीचं वाटेल. प्रोजेक्ट लेट झाला की मॅनेजर बदलायचा. नवीन मॅनेजर येतो, नवीन एक्सेल शीट काढतो, रोज सकाळी स्टँडअप मीटिंग सुरू करतो. आणि तो पेमेंटचा मॉड्यूल ज्या एकाच माणसाला कळतो तो माणूस अजूनही एकटाच असतो. तो लग्नाला गावी गेला की रिलीज पुढे. याला आपल्याकडे 'बस फॅक्टर' म्हणतात. किती माणसं बसखाली आली तर प्रोजेक्ट बंद पडेल, तो आकडा. (नाव भयंकर आहे, पण मी ठेवलेलं नाही.) तो आकडा एक असेल तर मॅनेजर कितीही हुशार आणा, उपयोग शून्य.

भारतीय महिला संघाचा बस फॅक्टर पेनल्टी कॉर्नरला एक आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पेनल्टी कॉर्नर म्हणजे हॉकीतली सगळ्यात तयार संधी. एक जण गोललाइनवरून बॉल आत ढकलते, 'डी'च्या टोकाला दुसरी तो थांबवते, आणि तिसरी तो स्टिकवर ओढून गोलकडे भिरकावते. हाच ड्रॅगफ्लिक. समोर बचावाला गोलकीपर धरून पाचच जणी. मोठ्या मॅचेसमध्ये मोकळ्या खेळातले गोल दुर्मीळ असतात, तेव्हा याच संधीवर निकाल फिरतो. ऑस्ट्रेलियाविरुद्धचा तो टोकियोतला एकमेव गोल असाच, गुरजित कौरचा. डिसेंबर २०२२ मध्ये व्हॅलेन्सियाला नेशन्स कपची फायनल १-० ने जिंकून आपण प्रो लीगमध्ये गेलो, तोही गोल गुरजितचाच.

आता पुरुषांचा टोकियोचा संघ बघा. रूपिंदरपाल, हरमनप्रीत, वरुण कुमार, अमित रोहिदास. ड्रॅगफ्लिक मारणारे चार! ब्राँझ मिळाल्यावर दोनच महिन्यांत रूपिंदर निवृत्त झाला. संघ कोसळला का? नाही, पॅरिसमध्ये पुन्हा ब्राँझ. कारण रूपिंदर खेळत असतानाच हरमनप्रीत तयार झालेला होता, त्याच्या मागे बाकीचे होते. बायकांच्या संघात गुरजित बाहेर गेली आणि तिच्या जागी आली दीपिका. चांगली आहे, राजगीरच्या फायनलमधला विजयी गोल तिचाच. पण 'तिच्या जागी' आली, 'तिच्या जोडीला' नाही. परिणाम? २०२५ च्या आशिया कपआधी दीपिका जखमी झाली, आणि संघ आपलं सगळ्यात मोठं हत्यार घरी ठेवून चीनला गेला. त्याच स्पर्धेला सविताही दुखापतीमुळे नव्हती. तिने फेब्रुवारी २०२५ मध्ये ३०० आंतरराष्ट्रीय सामने पूर्ण केले. निदान गोलमध्ये बिचू देवी तरी तयार होती. फ्लिकला तसं कोणी होतं का, सांगा.

म्हणून 'संघात बदल करा' म्हणणाऱ्यांशी मी सहमत आहे, पण त्यांच्या यादीशी नाही. त्यांची यादी म्हणजे हरलेल्या मॅचमध्ये ज्यांच्याकडून चुका झाल्या त्यांची नावं. असा बदल म्हणजे शिक्षा झाली.

आणि शिक्षेचे बदल आपण भरपूर करून बघितलेत. आपल्या खडकीचा धनराज पिल्ले आठवा. डिसेंबर १९९८, बँकॉक. ३२ वर्षांनी पुरुष संघाने आशियाई स्पर्धेचं सुवर्ण आणलं, कॅप्टन धनराज. त्यानंतर पुढच्याच मालिकेला धनराजसकट अर्धा डझनभर सीनियर बाहेर! संघटना म्हणाली, दमलेत, विश्रांती दिली. लोक म्हणाले, जास्त बोलतात म्हणून काढले. खरं काहीही असो, जिंकलेला संघ एका फटक्यात मोडला. सिनियर काढले म्हणजे तरुण तयार होतात असं नसतं. तरुण तयार असले की सिनियर सन्मानाने जाऊ शकतात. क्रम उलटा आहे.

राणी रामपालचंही तेच म्हणता येईल, जरा वेगळ्या सुरात. टोकियोची कॅप्टन. २०२२ च्या वर्ल्डकपला फिटनेसमुळे घेतली नाही. बरं, ठीक आहे, फिटनेस हे कारण मला मान्य आहे. पण नंतर ती धड आत नाही, धड बाहेर नाही, अशी दोन वर्षं गेली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये तिने निवृत्ती जाहीर केली. वंदना ३२० सामने खेळून एप्रिल २०२५ मध्ये थांबली. टोकियोच्या सोळा जणींपैकी रांचीला नऊच उरल्या होत्या. म्हणजे संघ बदललाच नाही असं नाहीये हो. बदलला, पण गळती लागल्यासारखा. एक जखमी, एक नाराज, एक वगळलेली. कुणीतरी बसून ठरवलेला बदल त्यात किती होता?

तर माझी यादी. पहिली गोष्ट ड्रॅगफ्लिक. दीपिकाशिवाय अजून दोघी हव्यात, आणि त्यांना एक मॅच नाही, एक अख्खा सीझन द्या. ड्रॅगफ्लिक ही काही दोन महिन्यांच्या कॅम्पमध्ये शिकायची गोष्ट नाही, कंबर आणि पाय वर्षानुवर्षं घडवावे लागतात. त्या दोघी सुरुवातीला चुकतील. चुकू देत. रांचीला जपानविरुद्ध आपल्याला कॉर्नर मिळत राहिले आणि गोल एकही झाला नाही. यापेक्षा वाईट काय करणार आहेत त्या?

गोलकीपरच्या बाबतीत सोपं आहे. सामने वाटून द्या, आणि महत्त्वाची मॅचसुद्धा वाटा. फक्त सोप्या मॅचला उतरवलेली कीपर शूटआउटला उभी राहिली की पाय लटपटणारच.

ज्युनियरचं काय, तर ज्युनियर आशिया कप २०२३ आणि २०२४ असा लागोपाठ दोनदा आपल्या पोरींनी जिंकलाय. माल आहे. तो वर येताना अडकतो, कारण वर आलेल्या पोरीला शेवटच्या क्वार्टरमध्ये सहा मिनिटं मिळतात आणि मग "प्रभाव पाडू शकली नाही". सहा मिनिटांत मी लॅपटॉपही चालू करू शकत नाही :-)

यावर ठरलेला आक्षेप: "नवीन पोरी घेतल्या तर हरू, रँकिंग जाईल." मान्य, रँकिंगला किंमत आहे, ड्रॉ त्यावर ठरतात. पण जुन्या-जाणत्या घेऊनच आपण नवव्या आलो ना? नेशन्स कपमध्ये ढकलले गेलो ही नामुष्की खरी, पण तिथे रोज अर्जेंटिना आणि बेल्जियम समोर नसतात. नवीन फ्लिकर, नवीन डिफेन्डर उभ्या करायला याहून बरी जागा कुठली? तिथेही तेच अकरा चेहरे उतरवून कप जिंकला आणि वर गेलो, तर २०२२ चाच खेळ पुन्हा सुरू.

आता यातली जी बाजू आपण घरी बसून विसरतो ती. या मुली कुठून येतात? सलीमा सिमडेगा जिल्ह्यातल्या बडकी छापरची. लालरेमसियामी मिझोरामच्या कोलासिबची. आणि आपल्या फलटण तालुक्यातल्या तर तिघी: वैष्णवी फाळके, अक्षता ढेकळे, ऋतुजा पिसाळ. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून पुढे गेलेल्या. ज्या तालुक्याचं नाव आपण उसासाठी आणि पालखीच्या मुक्कामासाठी ऐकतो, तिथून भारताच्या संघात तीन पोरी. (पुण्यातल्या किती जणांना यातलं एक तरी नाव माहीत आहे? मी आमच्या कँटीनमध्ये विचारलं. एकाला. तो फलटणचाच होता.)

आपल्यासारख्यांना प्रोजेक्टमधून काढलं तर आपण बेंचवर बसतो, पगार चालू राहतो, आठवड्याने दुसरा इंटरव्ह्यू. या मुलींसाठी हॉकी हाच इंटरव्ह्यू आहे. रेल्वेची नोकरी, घराचं छप्पर, धाकट्या भावंडांची फी, सगळं त्या स्टिकला बांधलेलं. कॅम्पच्या यादीत नाव नसणं म्हणजे काय हे आपल्याला खरंच कळणार नाही. म्हणून बदल करू नका असं मी म्हणत नाहीये; इंडियाची जर्सी म्हणजे पेन्शन नव्हे. पण वगळलेल्या मुलीला कारण कळलं पाहिजे, लेखी. कुठे कमी पडलीस, किती महिन्यांत काय करून दाखव, परत कधी बघू. आपल्याकडे निरुपयोगी अप्रायझलचेसुद्धा चार पानी फॉर्म असतात. देशासाठी खेळणाऱ्या पोरीला एक पान द्यायला काय हरकत आहे? आणि ते पान असलं की निवड समितीलाही विचार करावा लागेल, नुसता राग काढता येणार नाही.

महिलांची हॉकी इंडिया लीग जानेवारी २०२५ मध्ये रांचीला सुरू झाली, चार संघांची. चार म्हणजे फारच कमी. तरीही परदेशी खेळाडूंच्या बरोबरीने अख्खी मॅच खेळायची संधी ज्युनियर मुलींना पहिल्यांदा तिथे मिळाली. त्या लीगमध्ये कॉर्नर कोण मारतंय याकडे मात्र कुणीतरी लक्ष ठेवायला हवं. परदेशी फ्लिकरनेच सगळे मारले तर आपल्या पोरी नुसत्या बॉल थांबवायला उभ्या राहतील.

मरीन परत आले याचा मला आनंद आहे. माणूस चांगला आहे, मुली त्यांना ओळखतात. पण टोकियोला त्यांच्या हाताशी राणी होती, वंदना होती, गुरजित होती. त्या तिघी आता नाहीत. २०२६ च्या आशियाई स्पर्धेतला विजेता थेट लॉस एंजेलिसला जातो, म्हणजे सगळा हिशोब परत चीनशी. त्या स्पर्धेची अठरा जणींची यादी हातात येईल तेव्हा मी कॅप्टन कोण ते नंतर बघेन. आधी ड्रॅगफ्लिक मारणाऱ्या किती आहेत ते मोजेन.